वाडा दादांचा, कलंक बाईंचा



गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात कोपरगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली बाई आली होती. नवरा जाऊन दीड वर्ष झालेलं, पदरात दोन मुलं. सात-बाऱ्यावर तिचं आणि मुलांचं नाव लावायला दीर टाळाटाळ करत होते. शेवटी तिनं स्वतःच्या हातानं वारसनोंदीचा अर्ज लिहिला आणि तलाठ्याकडे दिला. दहावीपर्यंत शिकलेली, अक्षर सुरेख. झालं, घरात गहजब उडाला. “भावाभावांत हिनंच फूट पाडली, हिनंच ध चा मा केला,” असं सासरा चारचौघांत म्हणाला. हे सगळं सांगून झाल्यावर तिनं मला विचारलं, “ताई, ध चा मा म्हणजे नेमकं काय हो? मी तर काहीच खोडलं नाही. आहे तेच लिहिलं.”

मी तिला गोष्ट सांगायला लागले आणि मध्येच थांबले. जिच्या नावानं आपण अडीचशे वर्षं ही म्हण वापरतो आहोत, ती आनंदीबाई विधवा झाली ती याच बाईच्या तालुक्याच्या गावी. गोदावरीच्या काठावरच्या ज्या वाड्याला लोक राघोबादादांचा वाडा म्हणतात, तो तिनं लहानपणापासून पाहिलेला. आनंदीबाईचा त्या वाड्याशी काही संबंध आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ते एम.एस.डब्ल्यू. होऊन, नगर जिल्ह्यात काम करायला लागल्यावर कळलं.

त्या वाड्याच्या जतनाबद्दल संपादकीय लिहायचं ठरलं तेव्हा आमच्या गटात बराच वाद झाला. त्याकडे पुढे येते. आधी हकीकत, कारण तीच आपल्याला अर्धीमुर्धी माहीत असते.

३० ऑगस्ट १७७३. पुण्याच्या शनिवारवाड्यात गणपतीचे दिवस. थकलेल्या पगाराचं निमित्त करून गारदी आत घुसले. नारायणराव पेशवे तेव्हा अवघे अठरा वर्षांचे. ते धावत काकांकडे, म्हणजे रघुनाथरावांकडे गेले. हे काका त्या वेळी त्याच वाड्यात नजरकैदेत होते. तिथेच नारायणरावांना मारण्यात आलं. ‘काका मला वाचवा’ आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्या अर्ध्या तासात वाड्यात अकरा माणसं मेली, आणि इतिहासकारांनी दिलेल्या त्या यादीत दोन दासी आहेत, हे किती जणींना ठाऊक आहे? धन्याला पाठीशी घालताना मेलेल्या चापाजी टिळेकराचं नाव गोष्टीत येतं. त्या दोघींचं येत नाही. त्या पळत होत्या की मध्ये पडल्या, हेही कुणी सांगत नाही. शनिवारवाडा बघायला जाणाऱ्यांना नारायण दरवाजा दाखवतात, अमावास्येला ऐकू येणाऱ्या किंकाळीची कथा रंगवून सांगतात. दासींची किंकाळी त्या कथेतसुद्धा नाही.

चौकशी केली रामशास्त्री प्रभुण्यांनी. त्यांनी दोषी ठरवलं ते रघुनाथरावांना, आणि प्रायश्चित्त विचारलं तेव्हा देहान्त हेच प्रायश्चित्त असं सांगून ते पुणं सोडून निघून गेले. म्हणजे राज्याच्या न्यायाधीशानं ज्याच्याकडे बोट दाखवलं तो पुरुष होता, गादीचा दावेदार होता, आणि खुनाचा थेट फायदा त्यालाच झाला: पेशवाईची वस्त्रं त्यानंच घेतली. मग कलंक आनंदीबाईंच्या कपाळी कसा आला?

गोष्ट अशी सांगतात की रघुनाथरावांनी लिहिलेल्या हुकमात ‘नारायणरावास धरावे’ असं होतं, आणि कुणीतरी ‘ध’ खोडून ‘मा’ केला. हे कुणीतरी म्हणजे आनंदीबाई, असं लोकांनी धरलं. ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, तेव्हा खुनाला पन्नासाहून अधिक वर्षं झाली होती. हा बदल आनंदीबाईंनी केला अशी सर्वांची समजूत आहे, असं त्यानंही नोंदवलं. समजूत! पुढे ती समजूत बखरकथांतून, शाळेच्या वर्गांतून फिरत राहिली. १९०९ मध्ये खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’नं आनंदीबाईंना रंगभूमीवर उभं केलं. १९४४ मध्ये प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला, त्यात ललिता पवारांनी त्यांची भूमिका केली. ज्यांना गोष्ट माहीत नव्हती त्यांनाही चेहरा मिळाला. खोडलेला तो कागद मात्र आज कुणी दाखवू शकत नाही. ‘ध’ कुणी खोडला, मुळात तो खोडला गेला का, की मारण्याचाच बेत होता आणि ‘धरावे’ ही मागाहून रचलेली सारवासारव, यांतलं काहीच सिद्ध झालेलं नाही. खुनाचा तपास तिथंच अडलेला आहे. बाईचा निकाल मात्र केव्हाच लागून गेला.

मला या गोष्टीतली एक बाब फार बोचते. ज्या काळात बहुतेक बायकांच्या हातात लेखणी येऊच दिली जात नव्हती, त्या काळात आनंदीबाईंना लिहिता-वाचता येत होतं, राजकारणातलं कळत होतं, आणि मत होतं. गुहागरकडच्या ओकांची ही मुलगी, रघुनाथरावांची दुसरी बायको. ती निरक्षर असती तर ही गोष्ट रचताच आली नसती! अक्षर खोडण्याचा आळ घ्यायला अक्षर येणारी बाई लागते. पुढं एकोणिसाव्या शतकात मुलींच्या शाळा निघाल्या तेव्हा सनातन्यांची ओरड काय होती? बाई शिकली तर नको त्याला चिठ्ठ्या लिहील, घर बुडवील. त्या भीतीला आधी घडलेलं एक ‘उदाहरण’ तयारच होतं. आणि आज माझ्यासमोर बसलेल्या बाईनं तलाठ्याकडे एक अर्ज लिहिला, तर सासऱ्याच्या तोंडी नेमकी तीच म्हण आली. त्याला इतिहास माहीत असेल असं नाही. म्हण पुरेशी होती.

आता वाड्याकडे येऊ.

खुनानंतर कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, रघुनाथरावांना गादीवर टिकू दिलं नाही. ते इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह केला, लढाया झाल्या. अखेर १७८२ च्या सालबाईच्या तहात त्यांना महिना पंचवीस हजार रुपये नेमणूक ठरली आणि त्यांनी राहायला निवडलं कोपरगाव. तिथे ते थोडेच दिवस जगले. ११ डिसेंबर १७८३ ला ते वारले. आनंदीबाई तेव्हा गरोदर होत्या. धाकटा चिमाजी १७८४ मध्ये बापाच्या माघारी जन्मला. थोरला बाजीराव, जो पुढे शेवटचा पेशवा झाला, तो जेमतेम नऊ वर्षांचा. त्यानंतरची बरीच वर्षं या बाईनं पुणे दरबाराच्या पहाऱ्यात, मुलं वाढवत कोपरगावात काढली. पुढे कुटुंब नाशिकजवळच्या आनंदवल्लीला गेलं. त्या गावाला नावच त्यांचं आहे. तिथे १७९४ मध्ये त्या वारल्या.

म्हणजे सालबाईनंतर दादांनी इथे महिने काढले, बाईंनी वर्षं. वाडा कुणाच्या नावानं ओळखला जातो? पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी सारवलेल्या, राखलेल्या घरांच्या दारावर पाटी कुणाची असते, तेच इथेही. दोष वाटून घेताना मात्र बाईचा वाटा पूर्ण!

इंग्रज अमदानीत या वाड्यात सरकारी कचेऱ्या भरत. जुने वाडे वाचले ते बहुतेक वेळा असेच, त्यांचा काहीतरी उपयोग होत राहिला म्हणून. कचेरी हलली की दुर्दशा सुरू होते. पेशवाईतल्या वाड्याचं बांधकाम म्हणजे खाली घडीव दगडाचं जोतं, वर भाजक्या विटा, चुना आणि सागवानी लाकूड. ते मरतं कसं? एका रात्रीत नाही. आधी छपरातून पाणी मुरतं, मग तुळईचं टोक कुजतं, वाळवी लागते. भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप उगवतं आणि देवाचं झाड म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. शेवटी कुणीतरी चांगल्या हेतूनं सिमेंटचा गिलावा मारतो. चुना भिंतीतली ओल बाहेर टाकतो, सिमेंट ती आत कोंडतं, आणि विटेचा भुगा होऊ लागतो. शिवाय कोपरगावला शेजारी गोदावरी आहे, तिचा पूर आहे. म्हणून संरक्षण म्हणजे निळी पाटी आणि कुंपण, एवढ्यावर भागत नाही. वर्षातून एकदा, मिरगाच्या आधी, कुणीतरी माळ्यावर चढून कौलं आणि पन्हळी बघावी लागतात. घर सांभाळणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगायला नको.

आता आमच्यातला वाद. आमच्या एका कार्यकर्तीनं सरळ विचारलं, “पेशव्यांचा वाडा पडला तर पडू दे. आमच्या आज्या-पणज्यांना ज्या राज्यात सावलीचाही विटाळ होता, त्यांची घरं राखायला आपण का झटायचं?” तिचा प्रश्न बाजूला सारण्यासारखा नाही. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला जे घडलं त्याची आठवण दरवर्षी लाखो माणसं तिथे जाऊन का जागवतात, हे समजून घेतल्याशिवाय पेशवाई वाड्यांच्या जतनाचं बोलणं म्हणजे नुसतं गतवैभवाचं गाणं होईल. आनंदीबाई त्या राज्यातल्या सर्वांत वरच्या घरातल्या होत्या. त्यांच्या दिमतीला कुणबिणी होत्या, म्हणजे विकत घेता येणाऱ्या बायका. ही गोष्ट झाकून त्यांना आपली नायिका करायचं असेल तर मीही त्यात नाही. त्यांना निर्दोष ठरवण्याचाही आमचा हट्ट नाही. नवरा गादीवर बसावा असं त्यांना वाटत असणार. तसं वाटणं आणि खून करणं यांत फरक आहे, आणि तो फरक पुराव्यानं भरून काढायचा असतो, एवढंच म्हणणं आहे.

मग वाडा राखायचा कशासाठी? माझं उत्तर असं, आणि ते गटातल्या सगळ्यांना पटलेलं नाही: घर उभं असेल तर प्रश्न विचारायला जागा उरते. माजघर कुठे होतं, विहिरीचं पाणी कोण शेंदत होतं, दासी कुठे निजत, बाळंतिणीची खोली कुठली, पहारेकरी कुठल्या दारावर, हे जमिनीवर उभं राहून विचारता येतं. घर पडलं की उरते फक्त म्हण. आणि म्हण कुणाच्या बाजूची आहे ते आपण पाहिलंच.

पुण्याच्या भिडे वाड्याचं उदाहरण ताजं आहे. सावित्रीबाई आणि जोतिबांनी १८४८ मध्ये जिथे मुलींची शाळा काढली, तो वाडा वर्षानुवर्षं कोर्टकज्ज्यांत सडला आणि डिसेंबर २०२३ मध्ये जमीनदोस्त झाला. स्मारक होणार आहे, चांगलंच आहे. पण ज्या जिन्यावरून त्या मुली चढल्या असतील तो जिना काही परत येत नाही.

आणि जतनही वाकड्या वाटेनं होऊ शकतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फॉल रिव्हर नावाचं गाव आहे. तिथे ४ ऑगस्ट १८९२ ला लिझी बोर्डेन या अविवाहित बाईचे वडील आणि सावत्र आई यांचा घरातच कुऱ्हाडीनं खून झाला. लिझीवर खटला चालला. जून १८९३ मध्ये ती निर्दोष सुटली. खुनी आजतागायत सापडला नाही. पण पोरांच्या तोंडी एक बडबडगीत आलं, त्यात लिझीनं किती घाव घातले याचा हिशेबच आहे. ती १९२७ पर्यंत त्याच गावात राहिली, त्या गाण्यासकट. ते घर आज जपलेलं आहे, पण तिथे पैसे मोजून खुनाच्या खोलीत रात्र काढता येते. घर टिकलं, कोर्टाचा निकाल कुणाच्या लक्षात नाही. शनिवारवाड्याच्या भुताच्या सहली बघितल्या की वाटतं, आपल्याला फॉल रिव्हर फार लांब नाही. शिर्डीची गर्दी कोपरगाव स्टेशनवर उतरते. उद्या कुणी हुशार माणूस त्या गर्दीसाठी ‘ध चा मा वाडा’ काढील, आणि दारात तिरपी नजर टाकणाऱ्या, हातात बोरू धरलेल्या बाईचं चित्र लावील. तसं झालं तर वाडा पडलेला बरा, असं आमच्यातल्या काहीजणी म्हणतात. मी तेवढं टोक गाठत नाही.

याच जिल्ह्यात दुसऱ्या टोकाला, जामखेड तालुक्यात, चौंडी आहे. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव. ते जपलं गेलं आहे, तिथे मोठे कार्यक्रम होतात, २०२५ मध्ये त्रिशताब्दी झाली, आणि जिल्ह्याचं नावच आता अहिल्यानगर आहे. आनंद आहे. मालेरावांच्या मृत्यूनंतर होळकरांची दौलत घशात घालायला जे पुण्याहून फौज घेऊन निघाले होते, ते हेच रघुनाथराव. अहिल्याबाई उभ्या राहिल्या आणि त्यांना मागे फिरावं लागलं. एकाच पुरुषाच्या लोभाशी दोन बायकांचा संबंध आला. एकीनं त्याला रोखलं, ती देवी झाली. दुसरी त्याची बायको होती, ती कैकेयी झाली. देवीला देऊळ आणि कैकेयीला शिव्या, यांच्या मधली जागा आपल्या समाजाला बाईसाठी सुचतच नाही. तारामती, मंथरा, पुतनामावशी, संतूबाई, सगळ्या कप्प्यांवर नावं आधीच लिहून ठेवलेली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं, ते सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला झालेल्या शिक्षेवरून उसळून. पुरुषाचे अपराध बाईच्या पदरात कसे बांधले जातात, हाच त्यांचा प्रश्न होता. आमच्या केंद्रात आजही आठवड्याला एखादी तरी बाई हा पदर घेऊन येते. नवरा पिऊन मेला, हिच्या बोलण्यामुळे. कर्जापायी फास घेतला, हिच्या खर्चामुळे. पांढऱ्या पायाची.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. वाड्याची दुरुस्ती करायची तर चुन्यानं करा, आणि त्या कामावर गावातल्या बायका घ्या. माळवदं धुमसायचं, चुना कालवायचं काम आपल्याकडे बायकाच करत आल्या आहेत. त्यांना मिस्त्रीची मजुरी द्या, बिगारीची नको. वाड्याच्या एका खोलीत मोडी वाचायला शिकवणारा वर्ग चालू द्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले ढीगभर कागद आहेत. ते आपल्या मुलींनी स्वतः वाचले तर त्या दोन दासींचा, बटकींचा, बाळंतिणींचा शोध लागायला कुणाच्या मर्जीची वाट बघावी लागणार नाही. कोपरगावच्या कॉलेजातल्या मुलींनी आपल्या आज्यांकडून वाड्याच्या आठवणी लिहून घ्यायला सुरुवात करावी. ज्यांच्याकडे असं काही लिहिलेलं असेल त्यांनी आमच्याकडे पाठवावं, पुढच्या अंकात छापू. अक्षर कसंही असो.

आणि पाटी. पाटीचा मसुदा आम्हीच करून बघितला. तीन बैठका गेल्या, दोघी रुसल्या, पण एवढं ठरलं: “रघुनाथराव पेशवे या गावी ११ डिसेंबर १७८३ रोजी वारले. त्यानंतर त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी मुलांसह अनेक वर्षे येथे काढली. नारायणराव पेशवे यांच्या खुनाबद्दल रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले. आनंदीबाईंवरील आरोप सिद्ध झालेला नाही. त्या दिवशी मारल्या गेलेल्यांत दोन दासी होत्या.” दासींचं वाक्य इथे कशाला, तो खून तर पुण्यात झाला, असं एकीचं म्हणणं होतं. मतदान घेतलं. वाक्य राहिलं.

त्या बाईच्या वारसनोंदीवर दिरांनी हरकत घेतली आहे, सुनावणी व्हायची आहे. तारीख कोपरगावची आहे. मी सोबत जाणार आहे. “लवकर आटपलं तर वाडा बघून येऊ,” असं या वेळी तीच म्हणाली.